भांडे कोणाचे, कल्हई कोणाची

गोंडपिपरीच्या तहसील कचेरीसमोर कडुनिंबाचे एक जुने झाड आहे. त्याच्या पूर्वेच्या अंगाला मेज मांडून मी गेली अठ्ठावीस वर्षे अर्जनवीस या नात्याने बसत आलो आहे. पश्चिमेच्या अंगाला, त्याच खोडाला पाठ लावून, ज्यांच्याविषयी मी हे लिहीत आहे ते गृहस्थ बसत. आमच्या पाठी एकाच झाडाला टेकलेल्या होत्या. तोंडे मात्र परस्परविरुद्ध दिशांना होती, आणि मतेही. सारे गाव त्यांना चाचा म्हणे. त्यांचे नाव मला अर्थातच ठाऊक होते. ते या लिखाणात का आलेले नाही, याचा खुलासा योग्य जागी केला आहे.

चाचा कल्हईवाले होते. जमिनीत हातभर खड्डा, त्यात कोळसा, बाजूला कातडी भाता, एका डबीत नवसागर, दुसरीत कथील आणि हातात कापसाचा बोळा, एवढीच त्यांची कचेरी. पितळेचा गंज, म्हणजे खोल पातेले, निखाऱ्यावर लाल होऊ लागला की ते चिमूटभर नवसागर टाकीत. पांढऱ्या धुराचा लोट उठे, बोळा गरकन फिरे आणि काळवंडलेल्या भांड्याच्या पोटात चांदणे पडल्यासारखे होई. धूर पूर्वेकडे वळला की माझे अर्जदार डोळे पुसू लागत. त्याच वेळी एखादा नवा कारकून कचेरीत शिरला, तर माझ्या लेखणीत काही विशेष करुणा असावी असा त्याचा समज होई. तो समज मी कधी खोडून काढला नाही.

चाचांकडे भांडे घेऊन येणाऱ्याला प्रथम एक परीक्षा द्यावी लागे.

“बाई, गंज ठेवा इथी. पहिले हे सांगा, मोठा शाहीर कोन? लटारी की मुरारी?”

“मले काय मालूम जी? माझ्या घरी उद्या पाहुने येऊन राह्यले.”

“पाहुने येतील अन् जातील. शाहीर कोन?”

उत्तर ‘लटारी’ आले तर भांडे लगेच विस्तवावर चढे. ‘मुरारी’ आले तर ते रांगेच्या शेवटी जाई; कल्हई मात्र त्यालाही तितकीच चोख मिळे, कारण धंद्यात दगा नाही असे त्यांचे ब्रीद होते. “कोन लटारी?” असे विचारणाऱ्याची मात्र धडगत नसे. त्याला बसवून घेतले जाई आणि निखारे विझेपर्यंत सोडले जात नसे.

बाहेरच्या वाचकाला या दोन नावांची ओळख करून देणे अगत्याचे आहे. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मंडईच्या दिवशी, भर उन्हात, खडी गंमत होते. दोन गावांचे दोन शाहीर आपापले डफवाले आणि तुणतुणेवाले घेऊन समोरासमोर उभे राहतात. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत, तेच यमक धरून, जागच्या जागी जबाब द्यायचा. विचार करायला सवड मिळते ती डफाच्या चार थापांएवढी. शेवटच्या ओळीत शाहीर आपले नाव गुंफतो. त्याला छाप म्हणतात. छाप हीच शाहिराची सही. आमच्यासारख्यांच्या अर्जाच्या तळाशी अर्जदाराचे नाव असते, तशीच.

माझ्या उमेदीच्या काळात या पंचक्रोशीत दोनच छापा चालत. मुरारी हा उंच, पांढऱ्या फेट्याचा, भरदार आवाजाचा शाहीर. तो गाऊ लागला की बैल कान टवकारत, असे म्हणत. लटारी हा तलावावर आणि नदीवर मासे मारणाऱ्यांपैकी. अंगाने काडी, आवाजात खरखर, दोन ओळींमध्ये खोकला. मी मुरारीच्या पक्षाचा होतो, हे मी लपवीत नाही. शाहिराला रूप हवे, आवाज हवा, दबदबा हवा, हे माझे मत होते.

“दबदबा!” झाडापलीकडून आवाज येई. “दबदबा तं ढोलाले बी असते, मुन्शीजी. आत काय असते? हवा.”

चाचा मला मुन्शीजी म्हणत. त्यांच्या बोलण्यात निम्मे हिंदी आणि निम्मी आमची बोली असे, पण शब्द ते पारखून वापरीत. शिकलेले मुळीच नव्हते. अंगठा लावायची वेळ आली तरी तो कोळशाने आधीच काळा असल्याने शाईचा खर्च वाचतो, असे म्हणत. तरीही यमकाच्या बाबतीत त्यांचा कान असा होता की मी, नववीपर्यंत शिकलेला आणि वृत्तपत्र नियमाने वाचणारा इसम, कित्येकदा हरलो आहे.

स्टीलच्या भांड्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. नव्वदनंतर घरोघरी स्टील आले आणि त्यांचा भाता थंडावत चालला. पण ते धंद्याविषयी तक्रार करीत नसत. त्यांचा आक्षेप वेगळाच होता.

“स्टील म्हंजे काय जी? आतून-बाहेरून एकच. पितळेत तुम्ही दही ठेवा, कल्हई नसन तं जहर होते. म्हणून पितळेले इमान लागते. स्टीलले कायचं इमान?”

आणि मग, ठरलेले वाक्य: “मुरारी कल्हई करते. भांडं लटारी बनवते.”

याच काळातली एक गोष्ट. ब्रह्मपुरीला एका लग्नाला आम्ही दोघे काळीपिवळी जीपने चाललो होतो. चालकाने एक कॅसेट लावली. कोणा परदेशी माणसाचे गाणे होते. गाणे तरी कसे म्हणावे, तो नुसता बोलत होता, पण ठेक्यात, आणि दम न घेता. चालक म्हणाला, याला रॅप म्हणतात. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. चाचांनी मात्र मान पुढे काढली, डोळे मिटले आणि मांडीवर बोटे वाजवू लागले. भाषेचे एक अक्षर त्यांना कळत नव्हते. कॅसेटची बाजू संपली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

“चांगला आहे बाप्पा. यमक सोडून नाई राह्यला कुठी. पण मुन्शीजी, हा तं जबाब देऊन राह्यला. याचा सवालवाला कुठी आहे?”

“चाचा, हे एकट्याचेच असते,” चालक म्हणाला.

“असं कसं? एकटा मानूस इतका कावते काय? समोर कोनीतरी असनच.”

हे वाक्य मी त्या वेळी हसण्यावारी नेले. चाचा स्वतःही पुढे ते विसरले. पण ते ध्यानात ठेवावे, अशी वाचकास विनंती आहे.

आमच्या दोघांमधला कायमचा तंटा एकाच गाण्यावरून होता. पूर्वी कधीतरी एका मंडईत सवाल आला होता:

सांग गड्या, तलावामंधी कोनाची सरदारी?
पानी मोठं का पाळ मोठी, सवाल करते मुरारी.

शिव मोठा की शक्ती, हा शाहिरांचा जुनाच वाद या सवालाच्या पोटात आहे. पाणी म्हणावे तर एक पक्ष रुसतो, पाळ, म्हणजे तलावाचा बांध, म्हणावी तर दुसरा. त्याचा जबाब आजही आमच्याकडे लहानथोरांच्या तोंडी आहे:

पानी नसता पाळ म्हंजे मातीची ढिगारी,
पाळ नसता पानी गेलं वैनगंगेच्या दारी,
दोघांमंधी मासा जगला, कोन हलका, कोन भारी?
उघडून पाहा आपली पेटारी, जबाब देते मुरारी.

मंडईत विकल्या जाणाऱ्या छापील चोपडीत हे असेच आहे. चाचांचे म्हणणे असे की, जबाब लटारीचा असून तिथे ‘जबाब देते लटारी’ हवे.

“चोपडीत सवाल बी मुरारी, जबाब बी मुरारी. मंग लटारी तिथी काय भजे तळत होता?”

“थोर कवी स्वतःशीच वाद घालतात, चाचा.”

“बरं. हे सांगा, तलावावरच्या मानसाजवळ काय असते? मासे ठेवाले?”

“ढुटी असते.” ढुटी म्हणजे मासे ठेवायची विणलेली टोपली.

“मंग गान्यात पेटारी काऊन आली? मासा आहे, तलाव आहे, पाळ आहे, मंधातच पेटारी! कोनी आनली? काऊन आनली?”

मी दौतीचे झाकण लावू लागलो.

“लटारीसाठी आनली! पेटारी–लटारी. ‘टारी’ले ‘टारी’ जुळवली. आपल्या नावाले जागा करून ठेवली त्यानं, जसं जेवाच्या आधी पाट मांडतेत. मुरारीले पेटारीची काय गरज? त्याले सवारी चालली असती, सुपारी चालली असती. सांगा मले, मुन्शीजी, मुरारी आला तं ‘टारी’ कुठी गेली?”

युक्तिवाद बिनतोड होता. परंतु माझा व्यवसाय मला एकच तत्त्व शिकवून गेला आहे, की तोंडी बोलणे लेखी कागदापुढे टिकत नाही. मी चोपडी काढून खोडाच्या कडेने पलीकडे धरी आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवी. चाचा त्या अक्षरांकडे, कुलूपबंद दाराकडे पाहावे तसे पाहत आणि भात्याकडे वळत.

त्यांच्या या हट्टाचे मूळ कशात होते, ते मला ठाऊक होते. कारण त्या प्रसंगी मी हजर होतो. चोपडी निघाल्यानंतर दोन-तीन वर्षांनी एका मंडईत लटारी गायला उभा राहिला. लोकांनी पाण्याच्या आणि पाळीच्या गाण्याचा आग्रह धरला. तो शेवटच्या ओळीला आला आणि ‘जबाब देते लटारी’ म्हणाला. मागून कोणीतरी ओरडले, “अबे, मुरारीचं गानं चोरून राह्यला!” दुसऱ्याने चोपडी उंच धरून दाखवली. सारी मंडई हसली. मीही हसलो. लटारीने डफवाल्याला हाताने थांबवले, खांद्यावरचा शेला घडी करून काखेत मारला आणि तो तलावाच्या वाटेने निघून गेला. त्यानंतर तो कोणत्याही मंडईत उभा राहिला नाही. त्याच मंडईत चाचा कल्हईची भट्टी लावून बसले होते. भट्टी तशीच टाकून ते त्याच्या मागे गेले. काय बोलणे झाले ते त्यांनी मला कधी सांगितले नाही. पुढे एवढेच दिसे की, पंधरा दिवसांतून एकदा ते सायकलीला भाता न लावता, रिकाम्या कॅरिअरने, त्या गावाकडे जात आणि येताना कॅरिअरला पळसाच्या पानात बांधलेली मासळी असे.

मुरारी ते गाणे पुढेही म्हणे. लोक म्हणायला लावीत. शेवटच्या ओळीला तो स्वतः डफ हाती घेई आणि असा काही बडवी की नावाचे अक्षरही ऐकू येत नसे. मला त्यात त्याचा उत्साह दिसे. चाचांना दिसे चोरी. काही वर्षांनी मुरारी वारला. त्याच्या अंत्ययात्रेला सात गावचे डफ वाजले. चाचा गेले नाहीत.

त्यानंतर काही वर्षांनी लटारीच्याच गावच्या पंचायतीने मंडईसाठी सिमेंटचा पक्का रंगमंच बांधला आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर जबाबाच्या त्या चार ओळी, खाली कैलासवासी मुरारी शाहिराच्या नावासह, रंगवून घ्यायचे ठरवले. ही बातमी ज्या दिवशी आली, त्या दिवशी चाचा प्रथमच झाडाला वळसा घालून माझ्या मेजापुढे, अर्जदाराच्या जागी, येऊन बसले.

“लिहा. मुरारीचं नाव मिटवा, लटारीचं लावा.”

“असे लिहिता येत नाही. विषय लागतो, संदर्भ लागतो, सोबत जोडपत्र लागते.”

“जोडपत्र काय असते?”

“पुरावा.”

“पुरावा तलावावर बसून जाळं शिवून राह्यला. घेऊन येऊ?”

“चाचा, लेखी पाहिजे.”

ते उठले आणि पुन्हा बसले. मग अगदी हळू म्हणाले, “तो आता सत्तरीचा आहे. त्याच्या दारातून तो मंच दिसते. रोज सकाळी जाळं घेऊन निघन तं भिंत समोर. वाचता येत नाई त्याले, पन गावातले पोट्टे वाचतीलच ना मोठ्यानं.”

मी अर्ज लिहिला. माझ्या मताविरुद्ध होता, तरी मनापासून लिहिला. अर्जनवीस पक्ष पाहत नाही. सरपंच भला माणूस होता. त्याने आम्हा दोघांना बसवून चहा पाजला आणि म्हणाला, “मुन्शीजी, चोपडीच्या आधीचा एखादा कागद असन तं आना. मी नाव बदलतो. पेंटर बुधवारी येऊन राह्यला.”

परतताना चाचांनी सायकल थांबवली.

“चोपडी छापाच्या आधी कोनी लिहून दिली होती?”

“मी,” मी काहीशा अभिमानानेच म्हणालो. “स्वच्छ प्रत माझ्या हातची आहे. मुरारीचा डफवाला कच्चे कागद घेऊन आला होता.”

“कच्चे कागद कुठी गेले मंग?”

“माझ्याकडे आलेला एकही कच्चा कागद मी आजवर फेकलेला नाही.”

“पाहा मंग,” ते एवढेच म्हणाले.

रविवारी दुपारी मी घरी पत्र्याची पेटी उघडली. खरे सांगायचे तर चाचांचे तोंड एकदाचे बंद करावे, हाच माझा हेतू होता. अर्जांच्या, तक्रारींच्या, हरकतींच्या थरांखाली ते कागद सापडले. मंडईत हजर असलेल्या कोणा कोतवालाने सवाल-जबाब ऐकता ऐकता पेन्सिलीने उतरून घेतले होते. सवालाखाली ‘मुरारी’ होते. जबाबाखाली, ठसठशीत, ‘लटारी’ होते. त्या ‘लटारी’वर तांबड्या शाईची एक सरळ रेघ होती. रेघेच्या वर, माझ्या त्या वेळच्या अधिक टोकदार अक्षरात, ‘मुरारी’ लिहिलेले होते. आणि समासात शेरा होता: ‘नावात तफावत. दुरुस्त केले.’

मग मला सारे आठवले. मी तेव्हा धंद्यात नवा होतो. अर्जावर नाव एकाचे आणि तळाशी सही दुसऱ्याची असली की कचेरीतला कारकून कागद तोंडावर फेकतो, हा पहिलाच धडा मी शिकलो होतो. डफवाला म्हणाला होता, “मुरारी शाहिराच्या गान्याची चोपडी छापाची आहे.” म्हणजे अर्जदार मुरारी. मग तळाशी लटारी हे परके नाव कसे? उतरवणाऱ्याची चूक असावी. मी ती सुधारली होती. डफवाला निरक्षर, मुरारी निरक्षर, लटारी निरक्षर. त्यांच्यात लिहिता-वाचता येणारा मी एकटाच, आणि माझ्या दृष्टीने मी त्या सर्वांवर उपकार केला होता.

सोमवार आणि मंगळवार सकाळ मी ताप असल्याचे सांगून घरी बसलो. ताप नव्हता. मंगळवारी दुपारी तो कागद घडी करून खिशात घातला आणि झाडाच्या पश्चिमेच्या अंगाला गेलो. इतक्या वर्षांत त्या अंगाला मी प्रथमच गेलो होतो. चाचांच्या हातात लाल झालेली परात होती. मी उभ्या उभ्याच सर्व सांगितले. त्यांचा बोळा फिरत राहिला, कारण कथील वितळल्यावर हात थांबवता येत नाही. परात पाण्यात बुडवून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे वर पाहिले.

“म्हंजे कल्हई तुमची व्हय!”

आणि ते हसू लागले. पोट धरून, खोकला लागेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “अन् मी मुरारीले शिव्या देऊन राह्यलो! त्याच्या मयतीले बी गेलो नाई! अरे बाप्पा, मुन्शीजी, कल्हई तं माझ्या पाठीमागं बसली होती!”

त्यांनी मला एखादी शिवी दिली असती तर बरे झाले असते. हसणे थांबले तेव्हा त्यांनी परात बाजूला ठेवली, आणि त्यांचा चेहरा मला अनोळखी वाटला.

“त्याले काय सांगू आता? त्याले वाटते, लोक बेइमान आहेत. ह्या एका गोष्टीवर त्यानं डफ टांगला. आता सांगा लागन, लोक नाई रे बाप्पा, एक रेघ होती.”

मी म्हणालो, “मी येतो. मी सांगतो.”

“तुम्ही लिहा पहिले,” चाचा म्हणाले. “तुमचं बोलनं टिकत नाई. तुम्हीच म्हनता.”

त्या दिवशी मी आयुष्यात प्रथम स्वतःच्या नावाने कागद लिहिला. दुसऱ्यांसाठी हजारो लिहिले होते. ‘लिहून देणार’ या शब्दांपुढे आपले नाव घालताना हात अडखळतो, हे मला ठाऊक नव्हते. सरपंचाने कागद दोनदा वाचला. मूळ पेन्सिलीचा कागद उजेडात धरून पाहिला. मग पेंटरकडे माणूस पाठवला. पेंटर एक दिवस आधीच येऊन काम उरकून बसला होता. त्याने पुढची दोन अक्षरे खरवडून त्या जागी ‘ल’ आणि ‘टा’ काढले. ‘री’ तशीच राहिली. खालचे कैलासवासी मुरारीचे नाव साऱ्याच्या सारे चुन्याने पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा लटारीला बोलावून घेऊन आले. लटारीच्या हातात जाळे आणि सुताची गुंडी तशीच होती. तो भिंतीपुढे उभा राहिला. दोघांनाही वाचता येत नव्हते, पण दोघेही डोळे बारीक करून, वाचता येत असल्यासारखे पाहत होते.

“वाचा, मुन्शीजी,” चाचा म्हणाले. “मोठ्यानं वाचा.”

मी चारही ओळी वाचल्या. शेवटचे नाव दोनदा वाचले. मग रेघेची हकीकत सांगितली आणि हात जोडले. लटारीने माझ्या जोडलेल्या हातांकडे पाहिले, मान हलवली आणि भिंतीकडे बोट केले.

“वरची ओळ कुठी गेली?”

“कोनती ओळ?” चाचांनी विचारले.

“सवालाची. मुरारीची.”

“तुले काऊन पायजे त्याची ओळ? आत्ताच तं पुसलं त्याचं नाव!”

“काऊन पुसलं? त्यानं सवाल पुसला म्हणून मी बोललो, भाऊ. मले काय सपन पडलं होतं पाळीचं? सवाल नसता तं जबाब कायले दिला असता मी?”

“अबे, इतकी वर्षं मी भांडून राह्यलो तुझ्यासाठी! अर्धं गाव दुश्मन करून ठेवलं!”

“मी म्हटलं होतं का भांड म्हनून?”

जीपमधले चाचांचेच वाक्य माझ्या ओठांवर आले होते. पण त्या क्षणी ते उच्चारणे सभ्यपणाचे झाले नसते.

लटारी सूत बोटाला गुंडाळत म्हणाला, “मानूस वाईट नवता तो. शेवटच्या ओळीले डफ किती जोरानं मारे! मले मालूम होतं. माझं नाव घेतलं असतं तं लोकाईनं ऐकलं नसतं. अन् आपलं घेववत नवतं त्याले. म्हणून डफ.”

चाचा रंगमंचाच्या पायरीवर बसले. मग पेंटरला हाक मारून म्हणाले, “लिही बाप्पा. वरती सवालाच्या दोन ओळी लिही. मुरारीच्या नावानं. मोठ्या अक्षरात लिही.” आणि लटारीकडे वळून, “पन तुझं अक्षर त्याच्यापेक्षा लहान नाई पायजे, सांगून ठेवतो.”

त्या वर्षीच्या मंडईत लटारी गायला नाही. दम उरला नव्हता. तो पुढे, चाचांच्या शेजारी, सतरंजीवर बसला. गाणे दुसऱ्या गावच्या तरुण शाहिरांनी म्हटले. चाचांनी त्यांना आधीच बजावले होते की, सवालाच्या आणि जबाबाच्या शेवटच्या ओळीला डफ बंद ठेवायचा. डफ बंद झाला. ‘मुरारी’ हे नाव स्पष्ट ऐकू आले. थोड्या वेळाने पुन्हा डफ बंद झाला, आणि ‘लटारी’ हे नाव साऱ्या मंडईने म्हटले. लटारीने शेला तोंडापुढे धरला. तो खोकत असावा. आमच्याकडे त्या गाण्याला आता तसाच रिवाज पडला आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी चाचांनी भाता आवरला आणि ते चंद्रपूरला मुलीकडे गेले. पितळ घेऊन येणारे कोणी उरले नव्हते. जाताना माझा पाण्याचा तांब्या मागून घेतला, शेवटची कल्हई त्याला केली आणि माझ्या तोंडापुढे धरला. “पाहा. दिसते ना?” मी म्हणालो, दिसते. ‘कोन मोठा, लटारी की मुरारी?’ हे त्यांनी मला त्या दिवशीही विचारले. मी ‘लटारी’ म्हणालो. “हाऊ,” ते मान डोलावून म्हणाले, “पन आता मले पक्कं सांगता येत नाई.”

चंद्रपूरला गेल्यावर वर्षभरात ते वारले. त्यांच्या जागी हल्ली झेरॉक्सची टपरी आहे. धूर येत नाही. माझ्या अर्जदारांचे डोळे कोरडे असतात.

चंद्रपूरची त्यांची जीप सुटण्यापूर्वी मी त्यांना म्हणालो होतो, “चाचा, तुमच्याविषयी काही लिहावे असा माझा मानस आहे.”

ते खिडकीतून बाहेर झुकले. “लिहा ना. पन माझं नाव टाकू नका, मुन्शीजी. तुमच्या हाताचा भरोसा नाई.”

सबब नाव लिहिलेले नाही. ज्याच्या हाताचा भरोसा आहे अशा कोणाला ते घालता यावे, म्हणून या शेवटच्या ओळीत नावापुरती जागा कोरी ठेवली आहे: ____________